पत्र्यांचा दसरा

मावळात मला रसायनशास्त्रज्ञ म्हणून कुणी कधीच ओळखलं नाही. तिथं मी पत्रेवाल्या बाई होते. लोणावळ्याहून निघालेली पुण्याकडची पॅसेंजर मळवलीला थांबायची, मी छत्री, पिशवी आणि भिंगाची डबी सांभाळत खाली उतरायची, आणि फलाटावर बसलेला एखादा म्हातारा शेजारच्याला सांगायचा, "आल्या बगा पत्रेवाल्या बाई."

"त्या पत्र्यांचं करत्यात तरी काय?"

"काय न्हाई. पावसात ठिवत्यात आन् गंजत्यात का बगत्यात."

माझ्या कामाचा इतका नेमका गोषवारा मला स्वतःलाही कधी जमला नाही. मी चारचौघांत सांगायची ते असं: वाहनांवरच्या लेपांची धातूशी असलेली चिकटण आणि तिच्यावर होणारा हवामानाचा परिणाम. हे ऐकून समोरचा माणूस अदबीनं मान हलवायचा आणि पावसाचा विषय काढायचा.

साठच्या दशकाचा शेवट होता. मुंबईच्या एका रंगाच्या कारखान्यात मी नोकरीला होते. ट्रक, बस, मोटारी यांना लागणारा रंग आम्ही बनवत असू. रंग टिकतो की नाही हे प्रयोगशाळेच्या डब्यात बघून पुरत नाही, त्याला खरं ऊन आणि खरा पाऊस दाखवावा लागतो. आणि पाऊस दाखवायचा तर लोणावळ्याच्या आसपास दाखवावा, तिथं तो कंजुषी करत नाही. म्हणून कारखान्यानं मळवलीजवळ दोन जागा भाड्यानं घेतल्या, तिथं लाकडी घोड्या उभ्या केल्या, त्यांवर पाटाएवढे रंगवलेले पत्रे तिरके टांगले, आणि त्यांच्याकडे बघत बसायला मला पाठवलं. प्रयोगशाळेतल्या पुरुषांपैकी कुणीच यायला तयार नव्हता. हे मला फार नंतर कळलं. तोवर मी समजत होते की माझी निवड झाली आहे.

मी स्वतःला निवडलेली समजायचं कारणही होतं. त्या पत्र्यांवर माझा प्रायमर होता. प्रायमर म्हणजे पत्र्यावरचा पहिला थर, रंगाच्या पोटातलं अस्तर. वरचा रंग कितीही देखणा असला तरी खालच्या थरानं धातू सोडला की सगळंच गेलं. माझा प्रायमर काजूच्या टरफलांच्या तेलापासून केलेला होता. ही टरफलं कोकणात ढिगानं फेकून दिलेली असत. बाहेरून मागवलेल्या महागड्या राळेऐवजी आपल्या मातीतली टरफलं! या कल्पनेच्या मी इतकी प्रेमात होते की ते तेल अंगावर उडून माझ्या दोन्ही हातांना फोड आले तेव्हाही मला त्याचा अभिमान वाटला. आईनं ते फोड बघून विचारलं, "हे शिकायला तुला पुण्याला ठेवलं होतं का?" थोडक्यात, माझ्या प्रायमरनं पत्र्याआधी मलाच फोड आणले. त्यातून मी शहाणी व्हायला हवं होतं.

ठरलं होतं ते असं. दोन पावसाळे प्रायमर टिकला तर तो बसगाड्यांना लागणार आणि मी मुख्य प्रयोगशाळेत संशोधन करणार. नाही टिकला तर मी परत तपासणी विभागात, म्हणजे भोकाच्या पेल्यातून रंग गळायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघायचं, आयुष्यभर. त्या पेल्याची मला स्वप्नं पडायची.

घोड्यांची राखण करायला मावशी होत्या. भाजे गावाच्या वरच्या अंगाला एक वाडी आहे, तिथल्या त्या. खाचरातली कामं, डोक्यावरून लाकडं आणणं, शेळ्या, हे सगळं उरकून त्या पत्र्यांकडे येत. काम एवढंच: गुरं आत येऊ द्यायची नाहीत, गवत वाढू द्यायचं नाही, आणि पत्र्यांना हात लावायचा नाही. शेवटची अट त्यांना मुळीच पटली नव्हती.

"आवं पर लय घाण झाल्यात. फडकं तरी मारते."

"नाही मावशी. घाण बसू द्यायची. तीच तर बघायचीय."

मावशी माझ्याकडे अशा नजरेनं बघत, जणू मी सासरी जाण्यालायक नव्हते. त्याबाबत माझ्या आईचंही तेच मत होतं.

घाणीबद्दल मी जे म्हणत होते त्यामागे माझा सिद्धांत होता. पहिली घोडी कार्ल्याच्या फाट्याजवळ, मुंबई-पुणे रस्त्याला लागून. घाट चढून तापलेले ट्रक तिथून काळा धूर सोडत जायचे. दुसरी घोडी इंद्रायणीच्या बाजूला, भातखाचरांच्या मधे. आगगाडी तिथून जवळ होती, पण ती विजेवरची, तिचा धूर नाही. पहिल्या पावसाळ्यात रस्त्याकडच्या पत्र्यांवर माझ्या रंगाला बारीक फोड आले. शेताकडच्या पत्र्यांना तेव्हा आले नव्हते. मी जागच्या जागी निष्कर्ष काढला. प्रायमरचा दोष नाही, दोष धुराचा! ट्रकच्या धुरातली काजळी पत्र्यावर बसते, ती ओल धरून ठेवते, तिच्यातला आम्लाचा अंश रंगातून आत झिरपतो आणि फोड येतो. वाचायला अजूनही बरं वाटतं. तसं होतंही, नाही असं नाही. फक्त तिथं तेच होत होतं का, हा प्रश्न विचारायचा मी विसरले. माझ्या लेकराला बाहेरच्या वाईट संगतीनं बिघडवलं, असं म्हणणाऱ्या आयांना मी आता हसत नाही.

मग मी काजळीच्या मागे लागले. काचेच्या पट्ट्यांना ग्रीस लावून दोन्ही घोड्यांवर ठेवायच्या आणि त्यांच्यावर काय काय चिकटतं ते सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. चिकटायचे ते मुख्यतः डास. मधून मधून भाताचं तूस, एकदा एक पूर्ण वाढलेला नाकतोडा. पण काळे कणही असत, आणि रस्त्याकडे ते जास्त असत, त्यामुळे मी खूष होते. मुंबईला जाऊन साहेबांपुढे मी तास दीड तास बोलले. शेताकडची हवा कशी निर्मळ, रस्त्याकडची कशी दूषित. आमचे साहेब म्हणजे प्रयोगशाळेचे प्रमुख, अतिशय सौम्य माणूस. ते म्हणाले, "पुढचा पावसाळा बघू." मला ते संमतीसारखं वाटलं.

परत आले तर शेताकडची निर्मळ काच काळी ठिक्कर पडलेली. माझी पाचावर धारण बसली. मग मी डोकं चालवलं. रस्त्यावरचा धूर डोंगराला आपटून वळतो आणि खाचरात उतरतो, असा एक नकाशा मी काढला, त्यात बाणबिण दाखवले. ते बाण फार सुबक आले होते. ते मावशींना दाखवत मी म्हटलं, "बघा मावशी, ट्रकचा धूर कुठवर पोचलाय."

"कुटला ट्रक? राब भाजला न्हवं समद्यांनी."

मावळात भाताचं रोप टाकण्याआधी त्या तुकड्यावर शेण, पालापाचोळा, फांद्या पसरून जाळतात. त्याला राब भाजणं म्हणतात. उन्हाळ्यात प्रत्येक खाचराच्या कोपऱ्यातून धूर निघत असतो. सगळ्या मावळात धुरापासून लांब अशी जागा शोधताना मी नेमकी भातखाचराच्या मधोमध जाऊन बसले होते. आणि ती जागा मी आवडली म्हणून निवडली होती. तिथून लोहगड छान दिसायचा.

इतकं झाल्यावर एखाद्या शहाण्या माणसानं सिद्धांत सोडला असता. मी तो रुंद केला. ट्रकची काजळी काय, राबाची काजळी काय, काजळी ती काजळीच! दुसऱ्या पावसाळ्यात शेताकडच्या पत्र्यांवरही माझ्या रंगाला फोड आले, तेव्हा तर मी जवळजवळ टाळ्या वाजवल्या. प्रत्येक घोडीवर वरच्या ओळीत तुलनेसाठी कारखान्याचा जुना, नेहमीचा रंग होता. त्यावर तीच काजळी बसत होती आणि त्याला फोड येत नव्हते. हे मला दिसत होतं. पण दिसणं आणि बघणं यांत मी तेव्हा बरंच अंतर राखून होते.

शिवाय चिकटणीची चाचणी माझ्या बाजूनं होती. ती चाचणी सोपी असते. ब्लेडनं रंगावर उभ्या आडव्या चिरा पाडायच्या, शंकरपाळ्यांसारखे बारीक चौकोन करायचे, त्यावर चिकटपट्टी दाबून बसवायची आणि झटक्यानं ओढायची. पट्टीबरोबर चौकोन निघाले तर रंग नापास. माझा एकही चौकोन कधी निघाला नाही. मी मोठ्या दिमाखानं ती कोरी पट्टी मावशींपुढे धरायची. त्या म्हणायच्या, "व्हय, कायबी न्हाई आलं," आणि त्यांना माझी दया यायची, कारण त्यांच्या मते इतकी ओढाताण करून माझ्या हाती काहीच लागलं नव्हतं.

आता यातली गोम सांगते. चिकटपट्टी ओल्या पत्र्यावर चिकटत नाही. म्हणून मी ही चाचणी पाऊस संपल्यावर, पत्रे उन्हात चांगले खडखडीत वाळल्यावर करायची. दिवाळीनंतरचं ऊन, गार वारा, फोड बसून सपाट झालेले, हात कोरडे, मन प्रसन्न. ज्या रंगाची परीक्षा पावसात घ्यायची, त्याला मी पेपर हिवाळ्यात देत होते. हे माझ्या लक्षात आलं नाही, साहेबांच्या नाही, कुणाच्याच नाही. सगळे असंच करत असत. चाचणीच तशी होती.

दुसरा पावसाळा ओसरत आला आणि साहेबांचा निरोप आला की ते स्वतः पत्रे बघायला येणार. पाऊस पुरता थांबला नव्हता. त्यांना दिवाळीनंतर बोलवावं असं मला फार वाटत होतं, पण बसगाड्यांचा रंग ठरवायची घाई होती. त्यांच्या येण्याच्या दिवसानंतर लगेचच घट बसणार होते. आदल्या दिवशी मी मावशींना सांगून ठेवलं, "उद्या मुंबईचे मोठे साहेब यायचेत. घोड्यांभोवतीचं गवत तेवढं काढून ठेवा. कुंपण नीट करा."

"साह्येब पत्रंच बगाया येनार का?"

"हो. पत्रेच."

"बरं," मावशी म्हणाल्या. त्या 'बरं'वर मी थोडा विचार करायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मळवलीला उतरले तेव्हा झिमझिम चालू होती. नवी कोरी साडी नेसले होते, कारण आज मी संशोधक होणार होते. पुलाखालच्या चिखलातून ती साडी गुडघ्यापर्यंत उचलून धरत शेताकडच्या घोडीपाशी पोचले. गवत छान काढलेलं होतं. कुंपण नीट होतं. घोडीवर एकही पत्रा नव्हता.

चोरी! हा पहिला विचार. पत्र्याला भंगारात भाव असतो. मी रस्त्याकडच्या घोडीकडे पळणार तेवढ्यात नदीकडून बायकांचा आवाज आला, आणि त्या आवाजाखालून दुसरा एक आवाज. कराकरा, कराकरा. मला तो आवाज लहानपणापासून माहीत होता. घटस्थापनेच्या आधी प्रत्येक घरातून येतो तो.

आमच्याकडे याला दसरा काढणं म्हणतात. नवरात्र बसण्याआधी घरातलं सगळं बाहेर काढायचं, गोधड्या, घोंगड्या, भांडी, डबे, पाट, आणि घासून धुऊन लख्ख करायचं. गावाकडे बायका ते सगळं पाट्यांत भरून नदीवर नेतात. इंद्रायणीच्या काठावर त्या दिवशी निम्मी वाडी आली होती. खडकांवर गोधड्या, वाळूत पातेली, तवे, कळशा. आणि त्यांच्या मधोमध मावशी आणि त्यांच्या दोन जावा ओचे खोचून बसल्या होत्या. हातात पेंढ्याचे बोळे, शेजारी चुलीतल्या राखेचं घमेलं, आणि पुढ्यात माझे पत्रे. दोन्ही घोड्यांवरचे. पहाटे रस्त्याकडचे पत्रेही पाटीत घालून त्यांनी डोक्यावरून आणले होते.

मला बघून मावशींचा चेहरा फुलला. "आलात व्हय बाई! म्हनलं मुंबईचा पावना यायचा, आन् आसली काळी पत्रं त्याला दावायची म्हंजी आपलीच लाज. दसरा तर काडायचाच व्हता, तुमच्या पत्र्यांचाबी काडला." मग त्यांचा आवाज उतरला. "पर बाई, ह्येचा रंगच निगतोय वो. आमी हळूच घासलं."

मी बघितलं. वाळूत दोन ढीग होते. एका ढिगातले पत्रे बसच्या तांबड्या रंगात झगझगत होते, आताच भट्टीतून काढल्यासारखे. तो कारखान्याचा जुना रंग. दुसऱ्या ढिगातल्या पत्र्यांवरून रंग साल निघाल्यासारखा निघून गेला होता. कुठं चिंध्या लोंबत होत्या, कुठं नुसता करडा धातू. पाण्याच्या कडेला तांबड्या पापुद्र्यांची रेघ तरंगत होती. माझी दोन वर्षं देहूच्या दिशेनं निघाली होती.

एक पत्रा घासायचा राहिला होता. मी तो उचलला. चार महिन्यांच्या ओलीनं भिजलेला, काजळीनं माखलेला, राख न लागलेला. कोपऱ्यावर नुसतं अंगठ्याचं नख लावलं. रंग दुधावरच्या सायीसारखा सरकून वर आला. प्रायमरसकट. खाली धातू स्वच्छ आणि ओला होता.

त्या क्षणी मला सगळं समजलं, आणि ते समजायला दोन ओळी पुरतात. कोरडा असताना माझा प्रायमर धातूला घट्ट धरून बसायचा. ओला झाला की पाणी त्याच्या खाली शिरायचं आणि तो हात सोडून द्यायचा. ऊन पडलं की पुन्हा धरायचा. मी त्याला नेहमी उन्हातच भेटत होते. ट्रकवाल्यांनी माझं काहीही वाकडं केलेलं नव्हतं.

मी वाळूत बसले. नव्या साडीनिशी. माझ्या आयुष्यात मला इतकं मूर्ख त्याआधी कधी वाटलं नव्हतं आणि इतकं वाईटही.

साहेब आले ते असे. कार्ल्याच्या फाट्यावर रिकामी घोडी बघून त्यांनी चौकशी केली, लोकांनी त्यांना नदीकडे पाठवलं, आणि ते पँट वर दुमडून, बूट हातात घेऊन खडकांवरून चालत आले. मी उभी राहिले. काय झालं ते सांगितलं. त्यांनी दोन्ही ढीग बघितले. घमेल्यातली राख चिमटीत घेतली, बोटांवर चोळली. मावशी आणि जावा पदर तोंडाशी धरून एका बाजूला उभ्या होत्या.

"राख म्हणजे अल्कली," साहेब सावकाश म्हणाले. "वर घर्षण. कुठलाही तेलाचा लेप याला बळी पडू शकतो. हे निकाल धरताच येणार नाहीत. बाई, तुमचा काही दोष नाही. आपण नवे पत्रे लावू, आणखी दोन पावसाळे घेऊ. राखण मात्र बदला. इथं दुसरं कुणीतरी बघा, सांगितलेलं ऐकणारं."

ते अत्यंत दयाळूपणे बोलले. त्यांनी मला एक दार उघडून दिलं होतं. त्यातून मी बाहेर पडले असते तर प्रायमर जिवंत, मी जिवंत, पेला आणखी दोन वर्षं लांब. फक्त मावशींना त्या दाराच्या आत सोडून यावं लागणार होतं.

मावशींना साहेबांचं शहरी बोलणं सगळं कळलं नसेल. राखण बदला एवढं कळलं. त्या पुढे आल्या आणि माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "बाई, माजं काम ग्येलं का वो?"

इथं मला तत्त्वाचा उमाळा आला असं कुणी समजू नये. मी मनातल्या मनात साहेबांच्या वाक्याची पुढची ओळही जुळवत होते: होय, अल्कली, अगदी बरोबर. पण माझा हात आधीच त्या झगझगीत ढिगाकडे गेला होता. शिक्षण फार वाईट असतं. एकदा समोर तुलनेचा पत्रा दिसला की तोंड बंद ठेवता येत नाही.

"साहेब, हे जुन्या रंगाचे. याच हातांनी, याच राखेनं घासलेत. यांचं काहीच गेलेलं नाही." मग मी न घासलेला पत्रा त्यांच्यापुढे धरला. "आणि हा बघा. याला राख लागलेलीच नाही. नख लावा."

साहेबांनी नख लावलं. साय निघाली. त्यांनी तो पापुद्रा चिमटीत धरून उलटा केला. खालची बाजू ओली होती.

"म्हणजे ओला असताना," ते म्हणाले.

"ओला असताना," मी म्हटलं. "मी नेहमी वाळल्यावर बघत होते."

"आपण सगळेच," साहेब म्हणाले. ते त्यांनी म्हणायची गरज नव्हती, आणि म्हणून मी त्यांना अजून मानते. मग त्यांनी मावशींकडे वळून विचारलं, "मावशी, दर वर्षी घासाल का असं? पाऊस संपायच्या आत?"

"दसऱ्याला घासतेच की," मावशी म्हणाल्या. त्यांना वाटलं साहेब चेष्टा करताहेत.

निघताना साहेबांनी उरलेले पत्रे टाकून द्यायला सांगितले. मावशींनी तो शेवटचा, न घासलेला पत्रा उचलला. "ह्यो मी न्हेऊ का बाई? चुलीमागं लावीन. कुडाला आच लागती." मी मान हलवली. बोलायला गेले असते तर रडू आलं असतं, आणि साहेबांच्या मोटारीतून लोणावळ्यापर्यंत जायचं होतं.

पुढचं थोडक्यात. प्रायमरची फाइल बंद झाली. मी तपासणी विभागात परत गेले आणि भोकाच्या पेल्याशी माझा जो संसार सुरू झाला तो बरीच वर्षं चालला. वाटलं होतं तितका तो वाईट नव्हता, पण चांगलाही नव्हता. मळवलीच्या घोड्या मात्र राहिल्या. तिथं आता इतरांचे रंग लागत, आणि दर वर्षी पाऊस संपण्याआधी ते राखेनं आणि पेंढ्यानं ओल्यातच घासले जात. कारखान्याच्या कागदांत या चाचणीला एक भारदस्त नाव होतं. ते मीच दिलं होतं, माझ्या संशोधनाचं उरलेलं फळ तेवढंच. पण तोंडी सगळे तिला पत्र्यांचा दसरा म्हणत. त्या चाचणीत कित्येक हुशार माणसांचे रंग इंद्रायणीला मिळाले. त्यांची नावं ऐकून मला जो आनंद व्हायचा तो इथं लिहिण्यासारखा नाही.

बऱ्याच वर्षांनी, पवनेचं धरण भरून पवनानगर वसल्यालाही बराच काळ लोटला होता तेव्हा, मी कुणा पाहुण्यांना भाज्याची लेणी दाखवायला घेऊन गेले होते. पाहुणे पायऱ्या चढून गेले. मी म्हटलं, तुम्ही जा, माझे गुडघे दुखतात. गुडघे ठीक होते. मी वाडीची वाट धरली.

मावशी दारातच बसल्या होत्या. केस पांढरे झाले होते. त्यांनी मला लांबूनच ओळखलं. "आगं बया, पत्रेवाल्या बाई!" आत नेऊन घोंगडीवर बसवलं, चुलीवर चहाचं आधण ठेवलं. नवरात्र जवळ आलं होतं. मावशींनी नुकताच दसरा काढलेला, घरातली झाडून सगळी भांडी फळीवर उजळत होती, पितळी तांब्यात माझा चेहरा दिसत होता.

आणि चुलीमागे, कुडाच्या भिंतीला टेकून, तो पत्रा होता. इतका काळा की प्रथम मला भिंतच वाटली. वर्षानुवर्षांच्या धुराची काजळी त्याच्यावर जाड, मऊ बसली होती. त्या लखलखीत घरात तेवढी एकच वस्तू घासलेली नव्हती.

"मावशी, याचा दसरा नाही काढला?"

"न्हाई," मावशी चहात साखर टाकत म्हणाल्या. "त्याला मी कदी हात लावत न्हाई. सुनंलाबी सांगून ठिवलंय. तुमचा रंग हाय आत. घासला की जातोय त्यो."

मी उठून चुलीपाशी गेले. काजळीखाली काय असेल? चुलीमागे सदा कोरडं, सदा ऊबदार. तिथं माझ्या प्रायमरनं कदाचित अजून धातू सोडला नसेल. मी सवयीनं अंगठ्याचं नख कोपऱ्याकडे नेलं.

मावशींनी पटकन माझ्या हातावर चापट मारली. "नका वो बाई! ऱ्हाऊ द्या की एवडा तरी."

मी हात मागे घेतला. डोळे भरून आले, पुसले तरी पुन्हा भरले. मावशी विचारू लागल्या, काय झालं, काय झालं.

"काही नाही मावशी," मी म्हटलं. "तुमच्या चुलीला धूर फार आहे."